डिलनच्या 'लव्ह अँड थेफ्ट'सोबत काढलेला एक पावसाळा

बॉब डिलन या अमेरिकन गायक-गीतकाराच्या 'लव्ह अँड थेफ्ट' अल्बमची ही सीडी दादाने २००१ च्या डिसेंबरमध्ये आणली होती. तो तेव्हा मिनेसोटात नोकरीला होता आणि पहिल्यांदाच सुट्टीवर सांगलीला आला होता, बॅगेत चॉकलेटं, आईला स्वेटर आणि मला ही. "आमच्या तिकडचाच माणूस आहे गं, डुलुथमध्ये जन्मलेला, ऐकून बघ." मी लावली, जेमतेम दोन गाणी ऐकली आणि बंद केली. घरात गाणं होतं, मी स्वतः मध्यमापर्यंत परीक्षा दिलेल्या, आणि इथे हा साठ वर्षांचा माणूस असा गात होता की घशात वाळू अडकलीय असं वाटावं. दादाला वाईट वाटू नये म्हणून छान आहे म्हणाले आणि सीडी कपाटात गेली. ती १८ वर्षं तिथेच, म्हणजे सांगलीच्या कपाटातून पुण्याच्या कपाटात, पण प्लास्टिकच्या डबीच्या बाहेर कधी आलीच नाही.

२०१९ च्या जूनमध्ये कपाट आवरताना ती हाताला लागली. तेव्हा मी रोज कोथरूडहून हिंजवडीला जायचे, आमच्या गाडीत सीडी प्लेअर होता, आणि खरं सांगायचं तर फोनवर गाणी ऐकायचा मला वीट आलेला, अर्धं गाणं झालं की पुढचं, मग त्याच्या पुढचं, संध्याकाळी आठवायचं म्हटलं तर काहीच आठवत नाही. तर ठरवलं की पावसाळा संपेपर्यंत गाडीत हाच एक अल्बम. बारा गाणी, ५७ मिनिटं. चांदणी चौकात नेहमीसारखं अडकायला झालं की ऑफिसच्या गेटपर्यंत बरोबर शेवटचं गाणं यायचं.

आधी थोडं अल्बमबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हा बॉब डिलनचा ३१ वा स्टुडिओ अल्बम. मे २००१ मध्ये न्यू यॉर्कला रेकॉर्ड केला, आणि त्यातही वेगळे स्टुडिओवाले वादक जमवले नाहीत, त्या काळात त्याच्यासोबत गावोगाव फिरणारा जो बँड होता तोच घेतला. चार्ली सेक्स्टन आणि लॅरी कॅम्पबेल गिटारवर, टोनी गार्निए बासवर, डेव्हिड केंपर ड्रमवर, आणि टेक्सासचे ऑगी मेयर्स ऑर्गन आणि अकॉर्डियनवर. निर्माता म्हणून नाव आहे जॅक फ्रॉस्ट, हे डिलनचंच घेतलेलं नाव. बाजारात आला ११ सप्टेंबर २००१ ला, हो त्याच दिवशी. दादा सांगतो त्या आठवड्यात दुकानात गाणी कोण घ्यायला जातंय, तो स्वतः महिन्याभराने गेला.

पहिला आठवडा मला जड गेला. आवाजाच्या पलीकडे जाताच येईना. खरखर, मध्येच श्वास, वरचा सूर लागायच्या आधीच सोडून दिलेला. माझा कान सगळा सुरावर बेतलेला, लहानपणी आमच्या बाई षड्ज लावायला बसवायच्या तर अर्धा तास तोच. अशा कानाला इथे धरायला काही सापडत नव्हतं. तरी बंद करायचं नाही असं ठरवलेलं म्हणून चालू ठेवला, आणि मग साधारण सातव्या-आठव्या दिवशी, पाऊस जोरात होता, गाड्या सगळ्या उभ्या, पाचवं गाणं लागलेलं, 'लोनसम डे ब्लूज', आणि माझ्या लक्षात आलं की मी स्टिअरिंगवर बोटाने आवर्तन मोजतेय.

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा गाण्याचा प्रकार, त्यात १२ बार ब्लूज म्हणतात त्याचं गणित मला त्या दिवशी गाडीत बसून कळलं. चार-चार मात्रांचे बारा बार, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. त्यात तीन ओळी. पहिली ओळ म्हणायची, तीच ओळ परत म्हणायची पण खालचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, बदललेला असतो त्यामुळे तिचा रंग बदलतो, आणि तिसऱ्या ओळीत उत्तर. आणि प्रत्येक ओळ साधारण अर्ध्या जागेतच संपते, उरलेल्या जागेत गिटार बोलते, अगदी आपल्याकडे गवई थांबला की पेटीवाला जागा भरतो तसं. ठेका सरळ नसतो. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करायचे आणि मधला गाळायचा, त्यामुळे चालीला एक झोका येतो, भजनी ठेक्यात अंग आपोआप डोलायला लागतं ना, त्याच जातीचा.

आणि एकदा आवर्तन हातात आलं की मग हा माणूस काय करतोय ते दिसायला लागलं. ओळ जिथे सुरू व्हायला पाहिजे तिथे तो सुरूच करत नाही. थांबतो. वाटतं चुकला आता, आणि मग उरलेल्या एवढ्याशा जागेत आठ-दहा शब्द कोंबून बरोबर समेवर शेवटचा शब्द ठेवतो. पुढच्या वेळी तीच ओळ, पण आता पहिले तीन शब्द ताणलेले आणि मागचे सोडून दिलेले. वीस वर्षांचा घसा त्याच्याकडे राहिला नाही हे त्यालाही माहीत आहे, पण लयीवर त्याची जी हुकमत आहे ती तरुणपणी त्याच्याकडे एवढी नव्हती असं मला तरी वाटतं, आणि मी नंतर त्याची १९६० च्या दशकातली गाणी ऐकून मग हे म्हणतेय. आमच्याकडे ऐंशीच्या घरातले गवई नाही का, ताना संपलेल्या असतात पण नुसतं मुखडा घेऊन समेवर येणं असं असतं की समोरचे सगळे हां म्हणतात. मी तेच ऐकत होते आणि १८ वर्षं मला ते ऐकू आलं नव्हतं.

त्या दिवसापासून सकाळी निघायची घाई व्हायला लागली.

पुढचे दोन आठवडे नुसत्या वाद्यांचे. सगळाच अल्बम ब्लूज नाहीये हे तेव्हा कळलं. 'समर डेज' लागलं की गाडीत बसवत नाही, तो १९४०-५० च्या नाचगाण्यांचा ठेका आहे आणि दोन्ही गिटारी एकमेकींच्या मागे पळतात. 'फ्लोटर'मध्ये लॅरी कॅम्पबेल व्हायोलिन वाजवतो, कंट्रीवाले ज्याला फिडल म्हणतात ते, आणि टेक्सासकडे १९३०-४० च्या काळात गावातल्या नाचाचं कंट्री आणि शहरातलं जॅझ यांची जी मिसळण झाली, वेस्टर्न स्विंग म्हणतात तिला, तिची चव त्याला आहे. 'मूनलाइट' तर एखाद्या जुन्या रेडिओवर लागलंय असं. 'ऑनेस्ट विथ मी' मला आजही थोडं लांबलेलं वाटतं, त्यातली स्लाइड गिटार एकच घाव घालत राहते, कुणाला आवडेल, माझं मन तिथे रेंगाळत नाही. पहिलं गाणंही मी कित्येकदा पुढे ढकललं. पण 'मिसिसिपी' एकदाही नाही. ते गाणं खरं तर आधीच्या, १९९७ च्या अल्बमच्या वेळचं, तेव्हा निर्मात्याशी त्याच्या रूपावरून जमलं नाही म्हणून बाजूला ठेवलं, मग १९९८ मध्ये शेरिल क्रो या गायिकेने ते गायलं, आणि नंतर डिलनने परत हातात घेतलं. त्याची जुनी रूपं २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, मी तीही ऐकली. एकात नुसती गिटार आणि आवाज, फार जवळचं, कानाशी बसून बोलल्यासारखं. तरी मला इथलंच आवडतं, कारण इथे खालून चढत जाणारे सूर आहेत आणि गाणारा मात्र सांगतोय की माझं काय चुकलं तर मी तिथे एक दिवस जास्त राहिलो. चाल वर चाललीय आणि माणूस मागे बघतोय.

मग शब्द. इंग्रजी गाण्यातले शब्द मला एका ऐकण्यात लागत नाहीत, आणि याच्या उच्चारात तर नाहीच, म्हणून एका रविवारी शब्द छापून घेतले आणि वहीत उतरवून काढले, बंदिश उतरवतो तशी. 'लोनसम डे ब्लूज'मध्ये एक कडवं आहे, वडील वारले, भाऊ लढाईत गेला, बहीण पळून जाऊन लग्न करून बसली ती पुन्हा कानावर आली नाही. मला हे ओळखीचं वाटायला लागलं, वाचलेलं. शोधलं तर बहिणीचं वाक्य मार्क ट्वेनच्या हकलबेरी फिनमधलं, थोडं इकडेतिकडे केलेलं. मग धागाच लागला. त्याच गाण्यात पुढे हरलेल्यांना अभय देईन अशा अर्थाचं जे येतं ते रोमन कवी व्हर्जिलचं, आणि एक कॅप्टन येतो ज्याला आपले सोबती किती मेले याचं काही वाटत नाही, ते वाक्य जपानमधल्या जुनिची सागा या डॉक्टर-लेखकाच्या पुस्तकातलं, एका म्हाताऱ्या याकुझाने, म्हणजे तिकडच्या टोळीवाल्या गुंडाने, सांगितलेल्या आठवणींचं. ते २००३ मध्ये उजेडात आलं, अमेरिकेत वर्तमानपत्रात छापून आलं, आणि सागा म्हणे उलट खूश झाले. 'समर डेज'मध्ये भूतकाळ परत आणता येत नाही कोण म्हणतं, असं एक वाक्य आहे ते 'द ग्रेट गॅट्सबी' या कादंबरीतलं. आणि नुसते शब्दच नाहीत. 'शुगर बेबी' या शेवटच्या गाण्याची चाल १९२७ सालच्या जीन ऑस्टिनच्या 'द लोनसम रोड'वरून, 'फ्लोटर'ची १९३२ च्या एका गाण्यावरून.

मी वही मिटून बसले. मला फसवल्यासारखं वाटलं, हे लपवत नाही. इतके दिवस मी ज्याला दाद देत होते ते याचं कुठलं होतं? दादाला फोन केला तर तो म्हणाला, "अगं नाव बघ की अल्बमचं." नाव म्हणजे प्रेम आणि चोरी. आणि ते नाव मुखपृष्ठावर अवतरण चिन्हांत आहे, म्हणजे नावसुद्धा उसनं. एरिक लॉट नावाच्या अभ्यासकाचं त्याच नावाचं पुस्तक आहे १९९३ चं, अमेरिकेत गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची गाणी-नाच करून दाखवायचे त्या प्रकाराबद्दल. त्या लोकांना ते संगीत मनापासून आवडायचं आणि ते ते लुटतही होते, दोन्ही एकाच वेळी. डिलनने आपल्या ब्लूजच्या अल्बमला हे नाव दिलं, म्हणजे आपण कुठे उभे आहोत ते त्याने दारावरच लिहून ठेवलं.

पण तेवढ्याने माझं समाधान झालं नव्हतं. ते झालं, किंवा निदान वेगळ्या वाटेला लागलं, ते आजीमुळे.

माझी आजी जात्यावर बसायची. तिच्या ओव्या मी ऐकल्यात, लहान होते, पण आठवतं. तिची एक सवय होती. शेजारणीने म्हटलेली ओवी ती घ्यायची आणि त्यात आपल्या भावाचं नाव घालायची, शेजारणीच्या गावाच्या जागी आपलं माहेर घालायची, आणि ती ओवी तिची व्हायची. कुणी म्हणालं नाही की माझी ओवी चोरली. मावळापासून मराठवाड्यापर्यंतच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गोळा केल्या, लाखाच्या वर आहेत त्या, आणि त्या वाचताना हेच दिसतं, एकच ओळ चार तालुक्यांत चार बायकांच्या तोंडी, फक्त नावं बदललेली. ब्लूजचंही अगदी तसंच चालायचं. ओळी सगळ्यांच्या. सकाळी उठेन आणि झाडू झटकेन म्हणजे आता निघतो मी इथून, ही ओळ रॉबर्ट जॉन्सनने १९३६ मध्ये गायली, ती पुढे पन्नास जणांनी घेतली, ती या अल्बममध्येही आहे. ती ज्या गाण्यात आहे त्या गाण्याकडे मी आता येते, कारण हे सगळं मी लिहायला बसले ते त्याच गाण्यासाठी.

सातवं गाणं. 'हाय वॉटर', आणि पुढे कंसात, चार्ली पॅटनसाठी.

यात ड्रम मागे आणि बँजो पुढे, लॅरी कॅम्पबेलचा, आणि तो बँजो नाचाचा नाही, पाणी जसं आवाज न करता एकसारखं चढत जातं ती गती त्याला आहे. पाणी रात्रंदिवस चढतंय. बाहेर अवघड आहे, बाहेर वाईट आहे, चहूकडे पाणी. मिसिसिपी राज्यातली गावं येतात, व्हिक्सबर्ग येतं, क्लार्क्सडेल येतं. आणि मध्येच कुणीतरी सांगतं की माझ्याकडे हात करू नकोस, मी पण बुडतोय. जुलैमध्ये मी हे गाणं एक चांगलं गाणं म्हणून ऐकत होते. पॅटन कोण हे बघायला गेले तर तो मिसिसिपीच्या डेल्टामधला, म्हणजे तिथल्या नदीकाठच्या सपाट मुलखातला, डॉकरी नावाच्या मळ्यावर वाढलेला, ज्याला डेल्टा ब्लूजचा मूळपुरुष मानतात असा काळा गायक. १९२९ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला जाऊन त्याने 'हाय वॉटर एव्हरीव्हेअर' रेकॉर्ड केलं, दोन भागांत, कारण तेव्हाच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर एका बाजूला तीन मिनिटंच मावायची. ज्या पॅरामाउंट कंपनीसाठी केलं ती मुळात एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची पोटकंपनी, तबकड्या स्वस्त मालाच्या, मूळ साचे पुढे नाहीसे झाले, त्यामुळे आज जे ऐकायला मिळतं ते खरखरीच्या पलीकडून येतं. मी ते ऑगस्टच्या पहिल्या तारखांना ऐकलं. पहिल्यांदा शब्द एकही लागला नाही. नुसता एक दांडगा आवाज, गिटारच्या लाकडावर थापा, आणि गावांची नावं.

आणि त्याच आठवड्यात कृष्णा चढायला लागली.

सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोका पातळी धरतात, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं घर गावभागात. २००५ ला उंबऱ्यापर्यंत आलेलं, म्हणून आईला वाटलं यंदाही तेवढंच, सामान माळ्यावर टाकू आणि बसू. शेजारच्या मुलांनी जवळजवळ उचलूनच तिला मिरजेला मामाकडे नेलं, नाहीतर काय झालं असतं मला विचार करवत नाही. मी पुण्यात. रस्ते बंद. दादा अमेरिकेत, त्याच्याकडे रात्र असली तरी जागा. आणि फोनवर दिवसभर काय येत होतं तर गावांची नावं. हरिपूर. भिलवडी. अंकलखोप. ब्रह्मनाळ. ब्रह्मनाळला माणसं न्यायला निघालेली बोट उलटली. खाली नृसिंहवाडी, कुरुंदवाड, शिरोळ. नाव आणि त्यापुढे पाणी कुठवर आलं ते. देवळाच्या पायऱ्यांपर्यंत. शाळेच्या पत्र्यापर्यंत. आमच्या गल्लीचा फोटो आला त्यात विजेच्या खांबाची खालची बाजू पाण्यात.

ऑफिसला जात होते, कारण घरी बसून करणार काय, आणि गाडीत सातवं गाणं लागलं आणि मी गाडी बाजूला घेतली. मला तेव्हा कळलं पॅटन काय करत होता. समनर, लिलँड, ग्रीनव्हिल, रोझडेल, व्हिक्सबर्ग, पाणी एकेका गावात शिरतंय आणि हा नाव घेतोय. गाण्यात अलंकार नाही, उपमा नाही, फोनवर मामा मला जे सांगत होता तेच तो सांगतोय. पुराच्या वेळी माणूस दुसरं काही बोलतच नाही, कुठवर आलं आणि कोण कुठे आहे, एवढंच बोलतो.

त्या रात्री मी १९२७ च्या मिसिसिपीच्या पुराबद्दल वाचत बसले, झोप येतच नव्हती. २१ एप्रिलला ग्रीनव्हिलच्या वरच्या अंगाला माउंड्स लँडिंग इथे बांध फुटला. एकूण २७ हजार चौरस मैल पाण्याखाली, सहा लाखांच्या वर माणसं बेघर. बांधावर छावण्या घातल्या, आणि ग्रीनव्हिलला गोऱ्यांना बोटीतून बाहेर काढलं पण काळ्या मजुरांना जाऊ दिलं नाही, मळ्यांवरचे मजूर परत आले नाहीत तर कापूस कोण वेचणार म्हणून. त्यांना त्या बांधावरच ठेवून कामाला जुंपलं. पॅटनच्या गाण्यात एक ओळ आहे, डोंगराळ भागात जावं म्हणतो पण मला अडवलंय. पहिल्यांदा ऐकताना ती ओळ कानावरून गेली होती. हे वाचल्यावर मी परत लावली आणि त्या अडवलंय शब्दाशी थांबले. पाणी सगळ्यांच्या घरात सारखं शिरतं असं आपण म्हणतो. बोट मात्र सगळ्यांना सारखी मिळत नाही, तिकडे नाही मिळाली, आणि आमच्याकडेही कोण आधी निघालं आणि कोण छपरावर दोन रात्री बसलं हे जाऊन विचारलं तर कळेल.

पॅटन १९३४ मध्ये गेला, वयाची पन्नाशीही आली नव्हती, आणि त्याच्या गाण्यांचं मोल पुढच्या पिढ्यांनी ठरवलं. म्हणून मला डिलनच्या गाण्यातला तो कंस फार महत्त्वाचा वाटतो. तो पॅटनची चाल घेत नाही, त्याचे शब्दही जवळपास नाहीत, घेतो ते पाणी आणि ती गावं आणि ते परत परत येणारं चहूकडे पाणी. आणि नाव लिहितो. आपल्याकडे अभंगात शेवटी तुका म्हणे येतं, म्हणजे कुणाचं आहे ते गाण्यातच पक्कं होतं, ओवीत ते येत नाही, ओवी मोकळी. 'हाय वॉटर'मध्ये त्याने ओवीसारख्या मोकळ्या ओळी घेतल्या आणि वर दुसऱ्याचं नाव लावलं. हे मला मनापासून पटलं. पण मग बाकीच्या गाण्यांना का नाही? सगळ्या बारा गाण्यांपुढे गीत-संगीत बॉब डिलन एवढंच आहे. 'फ्लोटर' ज्या चालीवर उभं आहे ती चाल बांधणाऱ्यांचं नाव यायला हवं होतं. आजी शेजारणीची ओवी घ्यायची तेव्हा त्या ओवीचे पैसे कुणालाच मिळत नव्हते. इथे मिळतात. हा फरक राहतोच आणि अल्बम कितीही आवडला तरी मी तो पुसणार नाही.

पाणी उतरल्यावर मी सांगलीला गेले. घर म्हणजे गाळ, भिंतींवर छातीच्या उंचीवर एक काळी रेघ, कपाटं फुगून दारं उघडेनात. आजीचं जातं परसात होतं ते तिथेच होतं, त्याला काय होणार. गाद्या, आईच्या साड्या, माझ्या परीक्षांची सर्टिफिकेटं, सगळं अंगणात ढीग करून ठेवलेलं. मी सुट्टी टाकून राहिले. दिवसभर खराट्याने आणि पत्र्याच्या तुकड्याने गाळ ओढायचा, संध्याकाळी मिरजेला आंघोळीला जायचं. लाईट यायचे होते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी नुसता खरवडण्याचा आवाज ऐकून मला कसंतरी व्हायला लागलं म्हणून मी फोन खिडकीत ठेवला आणि हाच अल्बम लावला, सवयीनेच.

आई काही बोलली नाही. ती सुरातली बाई आहे, तिने हे पाच मिनिटांत बंद कर म्हणावं अशी माझी खात्री होती. 'मिसिसिपी' झालं, 'समर डेज' झालं, ती आपली फरशी खरवडतेय. बँजो सुरू झाला तशी थांबली.

"काय म्हणतोय हा?"

मी सांगितलं. पाणी चढतंय रात्रंदिवस, असं. गावांची नावं घेतोय. एक जण म्हणतो माझा हात धरू नकोस, मी पण बुडतोय.

"कुठलं पाणी?"

"अमेरिकेतलं. मिसिसिपी नदी आहे. १९२७ ला आलेला पूर."

"माणसं गेली?"

"खूप."

ती गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहिली, पत्र्याचा तुकडा हातात. मग मी तिला म्हटलं की हे ज्याच्यासाठी गायलंय त्या माणसाचं खरं गाणं पण आहे, त्याने तो पूर त्याच काळात गायलेला, पण त्याची रेकॉर्ड फार खराब आहे, शब्द कळत नाहीत. लाव म्हणाली. पॅटन लावला. ती खरखर, त्या थापा, तो आवाज त्या ओल्या रिकाम्या खोलीत इतका मोठा झाला की शेजारचे काका डोकावले. आई फोनच्या अगदी जवळ गेली, कान देऊन ऐकत राहिली, इंग्रजीचा एक शब्द तिला येत नाही, पण मध्येच म्हणाली, "हा गावांची नावं घेतोय ना?"

"हो."

पहिला भाग संपला. तिने पदराने तोंड पुसलं आणि परत खाली बसून गाळ ओढायला लागली.

"परत लाव," म्हणाली.